पाच स्पीकर आणि मिटलेली मूठ

माझ्या लहानपणी आमच्या घरातून आवाज भाड्यानं जायचा. कळंबच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि त्यातली पुढची खोली माणसांची कमी, सामानाची जास्त होती. दोन मोठे कर्णे, अण्णा ज्याला नुसतं मशीन म्हणत तो अँप्लिफायर, फडक्यात गुंडाळलेले दोन माईक, एक जड बॅटरी आणि खुंट्यांना टांगलेली वायरींची वेटोळी. अण्णा म्हणजे माझे वडील. गावाबाहेर थोडी कोरडवाहू जमीन होती, ती आईच्या भरवशावर चालायची. आणि लग्न, बारसं, सप्ताह, सभा असं काही निघालं की अण्णांचे कर्णे निघायचे. काम नसे तेव्हा कर्णे भिंतीशी आडवे पडून असत. आमच्या एका तांबड्या कोंबडीला त्यातला डावीकडचा कर्णा फार पसंत होता. ती आत शिरून अंडं घाली आणि मग आतूनच असा कॉक-कॉक गजर करी की अख्ख्या गल्लीला कळे. आई म्हणायची, "तुमच्या कर्ण्याचा ह्यो एवढाच उपेग." अण्णा हसायचे आणि अंडं काढून तिच्या हातात द्यायचे.

हे सगळं आज आठवण्याचं कारण माझ्यासमोर टेबलावर उघडं पडलेलं आहे. रेघांची वही. नातवंडांनो, तुम्हाला ठाऊक आहे, मला कोणतीही वस्तू घ्यायची झाली की मी आधी रकाने आखते. या पानावर चार रकाने आहेत: स्पीकर किती, ताकद किती, वायर किती लांब, आणि ठेवायचे कुठं. पहिले तीन भरून झाले तरी चौथा बरेच दिवस रिकामा होता. दिवाळीत तुमच्या बाबांनी मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर बसवून दिला, पण त्याचा आवाज म्हणजे डब्यात बंद केलेला भुंगा. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "आई, आता साधे स्पीकर घेऊ नकोस. पाच स्पीकर आणि बास बॉक्स असा पूर्ण सेट घे. बाबांना मधोमध बसव. चारी बाजूंनी आवाज आला की ऐकू येईलच." आमची खोली अकरा बाय दहाची. मागचे दोन स्पीकर ठेवायला जागा शोधली, तर एक फ्रिजवर जात होता आणि दुसरा देवांच्या फळीवर.

सानिका, ओम, तुम्हाला तिकडे बसून दिसलं नसेल, पण तुमचे आजोबा गेले कित्येक रविवार तुमच्यासमोर दोन मिनिटांपेक्षा जास्त बसलेले नाहीत. तुमचा कॉल आला की ते हात हलवतात, हसतात आणि म्हणतात, "तू बोल, मी आलोच." मग बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालतात. कॉल संपेपर्यंत घालत राहतात. तुळस अति पाण्यानं पिवळी पडली. मी तुम्हाला सांगायचे की आजोबांना कामं फार असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एका कुंडीचं पाणी सोडून कसलं काम असणार? पण मीच बोलायचे, मीच उत्तरं द्यायचे, तुमचं वाक्य त्यांना मोठ्यानं सांगायचे आणि त्यांचं तुम्हाला. ते काही सांगत नसत तेव्हा त्यांच्या वतीनं काहीतरी रचून सांगायचे. दिवसभरही तेच. भाजीवाल्याचं त्यांना, त्यांचं भाजीवाल्याला. मी त्यांना विचारायचे, "ऐकू आलं ना?" ते म्हणायचे, "हो हो." असं करता करता फार थकवा आला होता. तो झोपेनं जाणारा थकवा नव्हता. म्हणून, खरं सांगते, पाच स्पीकर मलाही हवेच होते. वाटलं, यंत्रच इतकं जबरदस्त आणू की मला मध्ये उभं राहावं लागणार नाही. ते पुन्हा तुमच्यासमोर बसतील की नाही, एवढाच प्रश्न होता. वॅटचे आकडे मी उगाच लिहीत होते.

अण्णांना वॅटचे आकडे सांगता आले नसते. पण आवाज तपासायची त्यांची एक रीत होती, तशी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. बाकीचे मशीनवाले माईक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" करत. अण्णांना त्याचा राग होता. "हॅलो तर बैलालाबी कळतंय," ते म्हणायचे. "शब्द कळला पायजे." मांडव घालून झाला, कर्णे बांबूवर चढले की ते मला मांडवाच्या अगदी शेवटी उभं करत. त्या टोकाला गावच्या म्हाताऱ्या बसत, कारण पुढच्या सतरंज्या पाहुण्यांच्या असत. "मागच्या म्हातारीला कळलं तर सगळ्या मांडवाला कळलं," हा त्यांचा हिशेब. मग ते माईकवर एकाच धान्याचं नाव घेत आणि मी हात वर करून बोटं दाखवायची. ज्वारीला एक, तुरीला दोन, हरभऱ्याला तीन, करडईला चार, जवसाला पाच. आवाज आला पण शब्द फुटून आला, नुसता घों घों वाटला, तर मूठ मिटून वर धरायची. मूठ म्हणजे कळलं नाही, पुन्हा सांगा. मूठ दिसली की अण्णा मशीनची बटणं फिरवत, कर्ण्याचं तोंड जरा इकडे तिकडे करत आणि पुन्हा म्हणत, "हरभरा."

मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून हे काम केलं. माझा त्यात मोठा तोरा असायचा. एकदा मी मुठीऐवजी मान हलवून "येतंय, येतंय" असं खुणावलं, तर अण्णा मशीन सोडून मांडवाच्या टोकापर्यंत चालत आले. रागावले नाहीत. म्हणाले, "ऐकू येतंय का, आसं कुणाला इचारायचं न्हाय आन् कुणी इचारलं तर सांगायचं न्हाय. माणूस भिडंखातर व्हयच म्हणतंय. काय ऐकलं, ते सांगायचं." शेजारी बसलेली एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "बाबा, आमच्या सुनांस्नी बी शिकीव की ही बोटं." अण्णा म्हणाले, "मावशी, सुनांला समदं कळतंय. त्या मूठ दावीत न्हाईत, एवढंच."

काम संपलं की आम्ही दोघं मशीनच्या मागं पत्रावळी घेऊन बसायचो. बुंदी, वांग्याची भाजी, पातळ वरण आणि भात. सगळ्यांचं जेवण झाल्यावर आमचं, म्हणून भात गार असायचा, पण वाढपी अण्णांना ओळखत आणि बुंदीची मूठ सैल सोडत. घरी आलं की आई चुलीपुढे भाकरी थापत असायची. त्या थापण्याच्या आवाजावरून मला किती भाकरी झाल्या ते बाहेरूनच कळे. ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. लग्नात जेवून आलो तरी अण्णा चतकोर भाकरी खायचेच. म्हणायचे, बुंदीनं तोंड भरतं, पोट भरत नाही. आता मला डॉक्टरांनी तेल मोजून दिलं आहे आणि भाकरी मीच थापते, पण मनगटं दुखतात, म्हणून तो आवाज आता नीट येत नाही. असो.

अण्णांचं काहीतरी बदलतं आहे हे पहिल्यांदा कोंबडीनं दाखवलं. एका सकाळी ती कर्ण्यातून ओरडत बाहेर आली, चांगली खोलीभर ओरडत फिरली, आणि अण्णांनी तिच्याकडे पाठ करूनच तो कर्णा उचलून खांद्यावर टाकला. अंडं खांद्यावरून सदऱ्यात उतरलं. आई हसून हसून खाली बसली. "अवं, ती बोंबलून सांगतीया की तुमाला!" अण्णाही हसले. मीही हसले. पण नंतर माझ्या लक्षात यायला लागलं. आईनं आतून हाक मारली तर ते वळत नसत आणि दुसऱ्या हाकेला चिडून म्हणत, "आगं मोठ्यानं बोल की, काय कुजबुज लावलीस!" वर्षानुवर्षं ते कर्ण्यांच्या खाली उभे राहिले होते. मशीनवर बसून त्यांना स्वतःला आवाज कमी वाटायचा, म्हणून ते बटण आणखी फिरवायचे, आणि मागं उभ्या असलेल्या मला शब्द फाटून यायचा. मी मूठ दाखवायची. ते आणखी वाढवायचे. मी पुन्हा मूठ. तोवर मांडवातले लोक कुचकं बोलायला लागत. "काय अण्णा, मशीन म्हातारं झालंय का मालक?"

ते मला ऐकवेना. मग मी एक सोपा मार्ग काढला. अण्णांना सवय अशी लागली होती की ते धान्यं त्याच क्रमानं घेत. पहिली ज्वारी, मग तूर, मग हरभरा. मला शब्द कळो न कळो, मी एक बोट, दोन बोटं, तीन बोटं वर करायला लागले. अण्णा समाधानानं मान हलवायचे आणि काम झटक्यात संपायचं. मी ते फक्त त्यांच्यासाठी केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तेव्हा मॅट्रिकला होते, इंग्रजीचं पुस्तक मांडवातसुद्धा काखेत असायचं आणि मुठी दाखवत उभं राहण्याचा मला कंटाळा आला होता. वर्षभर मी ती खोटी बोटं दाखवली.

मग येडशीजवळच्या एका गावात मोठ्या घरचं लग्न आलं. बैलगाड्यांची रांग लागली होती, बैल मांडवाच्या मागंच बांधले होते. मी सकाळी सवयीप्रमाणे पाच बोटांपर्यंत सगळं दाखवलं आणि लिंबाखाली पुस्तक उघडून बसले. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी माईक कर्ण्याच्या रोखानं धरला होता आणि मशीन इतकं चढवलेलं होतं की दुसऱ्याच ओळीला कर्ण्यांतून शिट्टी निघाली. बारीक, लांब, दाभणासारखी. ती थांबेना. म्हाताऱ्यांनी कान दाबले, तान्ही पोरं रडायला लागली, नवरीच्या हातातल्या अक्षता सांडल्या, मागं एका बैलानं खुंटा उपटला. सगळा मांडव मशीनकडे वळून बघत होता. आणि तिथं माझे अण्णा बटणावर हात ठेवून हसतमुखानं उभे होते. लोक आपल्याकडे का बघतात ते त्यांना कळत नव्हतं. त्यांना वाटलं असावं, आवाज आवडला.

मी धावत गेले आणि बटण खाली आणलं. अण्णा म्हणाले, "का गं? का कमी केलंस? झ्याक चाललं हुतं की." तेवढ्यात नवरीचा चुलता आला आणि सगळ्यांदेखत त्यांना नको ते बोलला. बहिरा हा शब्द मी तेव्हा अण्णांच्या संदर्भात पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी आम्ही पत्रावळ घेतली नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. येडशीपासून बरंच पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

मी म्हणाले, "आजच कळलं."

त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं पाहिली. "मग इतके दीस ही बोटं कशाची दावीत हुतीस?" एवढंच बोलले. मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, शेकडो मुलांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, पण माझी ही एक चूक मी कधी कुणाला दाखवली नव्हती.

पुढच्या लग्नाला त्यांनी मला मशीनवर बसवलं. माईक माझ्या हातात दिला आणि स्वतः मांडवाच्या टोकाला, म्हाताऱ्यांच्यात जाऊन बसले. कुणीतरी हटकलंच, "अण्णा, पोरीच्या हातात मशीन?" ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माजे कान गेल्यात. तिचे शाबूत हायेत, म्हणून." कुणी हसलं नाही. मी धान्याचं नाव घ्यायची आणि ते शेजारच्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांना कळलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं तर बोटं, नाहीतर मूठ. मी कॉलेजसाठी धाराशिवला येईपर्यंत आम्ही तसंच काम केलं आणि शिट्टी पुन्हा कधी झाली नाही.

हे सगळं ठाऊक असलेली बाई मी. तरी तीन दिवाळ्या तुमच्या आजोबांच्या वतीनं बोटं दाखवत राहिले.

स्पीकर घ्यायला आम्ही रिक्षानं बाजारात गेलो. शकीलभाईंचं दुकान लहान आहे, पण मागच्या बाजूला त्यांनी ऐकायची खोली केली आहे. शकीलभाई पन्नाशीचे, बोलायला गोड, विकायला पक्के. त्यांनी आजोबांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि पाच स्पीकर, बास बॉक्स असा मोठा सेट लावला. पडद्यावर हेलिकॉप्टर आलं. ते डाव्या भिंतीतून निघून आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीत गेलं. मग काहीतरी फुटलं आणि माझ्या पर्समधल्या किल्ल्या वाजल्या.

"देखो सर, है ना पावर! पुरं घर हलतंय."

"घर हलवायचं नाही, शकीलभाई," मी म्हणाले. "नातीचं बोलणं ऐकायचं आहे."

"मॅडम, जो बॉम्ब ऐकवतो, तो नातबी ऐकवणारच की."

आजोबांनी छातीवर हात ठेवला. "जोरदार आहे. इथं कळतंय." ते खुश दिसत होते. पुष्कळ दिवसांनी त्यांना काहीतरी कळलं होतं, जरी ते छातीत कळलं होतं. मला तिथंच पैसे देऊन घरी जावंसं वाटलं. गुडघे दुखत होते, खोलीत पंखा नव्हता आणि वहीतले रकाने मला दिसेनासे झाले होते. पण मोबाईलमध्ये सानिकाचा व्हिडिओ होता, दात पडल्याचा. मी तो त्यांच्या कॉम्प्युटरवर लावायला सांगितला. मोठ्या सेटवर सानिका रांजणात बसून बोलावी तशी बोलली. सगळीकडून बोलली, पण शब्द मलाही धड लागेना. मी विचारलं, "याहून साधं काही आहे का, पुढ्यात ठेवायचं?"

"आहे ना," म्हणत शकीलभाई कॉम्प्युटरच्या मागं वाकले आणि त्यांनी वायर उपसली. आवाज बंद झाला. पडद्यावर व्हिडिओ मात्र चालूच होता. सानिकाचे ओठ हलत होते, ती बोट घालून पडलेल्या दाताची जागा दाखवत होती. आजोबा पुढं झुकले आणि म्हणाले, "हां. आता बरोबर. आता शब्द न् शब्द कळतोय. हाच घेऊ."

शकीलभाई वायर हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग, भला माणूस, छताकडे पाहिलं. मला फक्त "हो, घेऊ" म्हणायचं होतं. शकीलभाईंनी हळूच वायर लावली असती आणि काहीही घडलं नसतं.

मी म्हणाले, "अहो, वायर काढलेली आहे."

"काय?"

ते दुसऱ्यांदा सांगावं लागणं, मोठ्यानं, तेच सर्वांत वाईट होतं. बाहेर काउंटरवरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. "वायर काढलीय! आवाज बंद आहे!"

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं, मग शकीलभाईंच्या हाताकडे, मग माझ्याकडे. उठले, चष्मा पुसला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसले. शकीलभाईंनी न सांगता दोन चहा पाठवले. समोरून कळंबची एसटी गेली, तिच्या हॉर्ननं मी दचकले, ते दचकले नाहीत.

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

या वेळी मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश आणि खरं सांगितलं. "तीन दिवाळ्या झाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हो हो म्हणायचात. मला तेच सोयीचं होतं."

त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "मला वाटायचं, तुम्ही सगळेच हळू बोलायला लागलात. पोरं तर मुद्दाम. म्हातारा आहे, कशाला जोरात बोला." मग म्हणाले, "पोरांसमोर चुकीचं उत्तर दिलं की ती एकमेकांकडे बघतात. म्हणून उठतो मी."

"ठाऊक आहे."

"तुळस जाणार बहुतेक."

"जाईल. अर्धी गेलीच आहे."

मी त्यांना पायरीवरच बोटांचं सांगितलं. माझे वडील शेवटी बहिरे होते एवढंच त्यांना माहीत होतं. बोटं, शिट्टी, एसटीतला प्रश्न हे मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. करडई तीन की चार? मग कप खाली ठेवून म्हणाले, "चल. मी पाठ करून बसतो, ओठ दिसायला नकोत. तू बोल."

आम्ही परत आत गेलो. ते पडद्याकडे पाठ करून बसले, मी शकीलभाईंनी जोडून दिलेल्या माईकजवळ. शकीलभाई आधी गोंधळले, मग त्यांना भलताच उत्साह आला. काउंटरवरचं एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "मॅडम, सोयाबीन न्हाय का यात? आजकाल तर समदं तेच हाय." मोठ्या सेटवर पाचांपैकी चार वेळा मूठ आली. बास बॉक्स बंद केला तेव्हा तीन. समोर ठेवायच्या दोन साध्या लहान स्पीकरवर, ते कानाच्या उंचीवर आणल्यावर आणि मी सावकाश बोलल्यावर, दोन मुठी आणि तीन बरोबर. शकीलभाईंनी मोठ्या सेटचा खोका मागं सारला आणि लहान जोडी बांधून दिली. म्हणाले, "मॅडम, धंद्याला हा तरीका लई वाईट. पण बात सही है." आजोबांनी निघताना त्यांनाच कानाच्या डॉक्टरचा पत्ता विचारला. मोठ्यानं, गिऱ्हाइकांसमोर. डॉक्टरकडे आम्ही पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. यंत्र लागेल, ते कानात टोचेल, आजोबा कुरकुर करतील, आणि मला अजूनही कितीतरी वाक्यं दोनदा बोलावी लागतील. या वयात एका दुकानातून सगळं सुटून येत नाही.

दुकानात जाऊन आल्यानंतरचा रविवार तुम्हाला आठवत असेल, पण या बाजूनं काय घडलं ते लिहून ठेवते. आजोबा कॉल यायच्या आधीच खुर्चीत येऊन बसले होते, केस विंचरून. सानिका, तू नेहमीप्रमाणे विचारलंस, "आजोबा, ऐकू येतंय का?" आणि ते म्हणाले, "असं विचारू नकोस. मी हो म्हणेन." मग त्यांनी तुम्हाला ज्वारी, तूर, हरभरा, करडई, जवस शिकवलं. ओमला वाटलं हा काहीतरी खेळ आहे. तू एक नाव घेतलंस आणि आजोबांनी मूठ वर केली. तू पुन्हा म्हणालीस. पुन्हा मूठ. मला ते नाव कळलं होतं, माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि माझी चार बोटं मांडीवर आपोआप उघडली होती. तू कंटाळशील, ओमकडे बघशील, आणि ते उठतील, असं मला वाटलं. पण तू खुर्चीवर चढलीस, तोंड इतकं जवळ आणलंस की पडद्यावर नुसते ओठ आणि पडलेल्या दाताची जागा उरली.

मी माझा हात मिटून घेतला आणि उठले. माझी मधली खुर्ची बाजूला सरकवली, स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. बाहेरून तुझा आवाज येत होता, एकेक अक्षर सुटं करून, "क-र-ड-ई!" मग तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "चार! बरोबर! आता माझी पाळी!"

मी वहीतला चौथा रकाना भरला: पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, समोर ते एकटे. मग ओट्याशी उभी राहून चहा प्यायले. रविवारचा चहा गरम असताना प्यायला मिळाला, असं फार दिवसांत झालं नव्हतं.